मुरबाडला रबराचं झाड लावू का? एका प्रश्नातून शिकलेला धंद्याचा हिशेब



कल्याणच्या बॅचमध्ये एक दादा आले होते. डोंबिवली एमआयडीसीत त्यांचं छोटं युनिट आहे. रबराचे वॉशर, गॅस्केट, बुश बनवतात. चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन म्हणाले, "सर, मुरबाडजवळ आमची चार एकर जमीन पडीक आहे. मी रबर विकत घेतो आणि भाव वाढला की मार खातो. मग झाडंच लावली तर? पाऊस तर आपल्याकडेही केरळसारखाच पडतो. एफडी मोडायची तयारी आहे."

एफडी म्हणजे त्यांची पंधरा वर्षांची बचत. म्हणून मी त्यांना म्हटलं, आधी दोघं मिळून कागदावर हिशेब करू. व्हिडिओत हा भाग पाच मिनिटांत गुंडाळावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी झाड ओळखू

आपल्या बाल्कनीत कुंडीत जो जाड, चकचकीत पानांचा 'रबर प्लांट' असतो, ते हे झाड नव्हे. तो वड-पिंपळाच्या कुळातला, मूळचा ईशान्य भारताकडचा. त्यालाही चीक येतो, पण आज बाजारात जे नैसर्गिक रबर मिळतं, ते जवळजवळ सगळं 'हेविया ब्राझिलिएन्सिस' या झाडाचं असतं.

हेविया मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने तिथून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातल्या थोड्याच रुजल्या, पण त्या रोपांपासून श्रीलंका, सिंगापूर, मलाया असा पसारा वाढला. भारतात १९०२ मध्ये केरळात पेरियार नदीकाठी थट्टेकाड इथे पहिली व्यापारी लागवड झाली. आज रबर बोर्डाचं मुख्यालय कोट्टायमला आहे, आणि देशातलं बहुतेक रबर अजूनही केरळातूनच येतं.

चीक निघतो कसा?

झाडाच्या सालीत चिकाच्या बारीक नळ्या असतात. पहाटे, ऊन चढायच्या आत, टॅपर सालीची पातळ तिरकी पट्टी तासतो. तेव्हा झाडात पाण्याचा दाब जास्त असतो, म्हणून चीक चांगला वाहतो. दोन-तीन तास वाटीत थेंब थेंब पडतो, मग जखम आपोआप बंद होते. एक दिवस सोडून पुन्हा तीच जागा तासायची. सुरी जास्त आत गेली, तर खोडाचा जिवंत थर दुखावतो आणि तिथे नवी साल नीट येत नाही. म्हणजे हे कसबी माणसाचं काम आहे.

चिकात साधारण एक तृतीयांश रबर, बाकी बहुतेक पाणी. फॉर्मिक ॲसिड घालून तो गोठवतात, रोलरमधून काढून चादरी करतात आणि धुराच्या खोलीत वाळवतात. आपण बाजारात 'आरएसएस ४' म्हणतो ना, ती अशीच धुरावर वाळवलेली चादर.

आता पावसाचा मुद्दा

दादांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. हेवियाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाऊस लागतो. मुरबाड-शहापूरकडे तेवढा पडतो, वर थोडा जास्तच. मग अडचण कुठे आहे?

अडचण वाटणीत आहे. केरळात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पडतो आणि उन्हाळ्यातही मधूनमधून वळीव येतो. झाडाला फार दिवस कोरडं राहावं लागत नाही. आपल्याकडे मात्र बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, आणि डिसेंबर ते मे जमीन तापून भेगाळते.

ही नुसती माझी कल्पना नाही. याची परीक्षा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात झाली आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचं दापचरी माहीत असेल, आता ते पालघर जिल्ह्यात येतं. तिथे रबर बोर्डाच्या संशोधन संस्थेने केंद्र काढलं आणि उत्तर कोकणात हे झाड जगतं का, वाढतं का, ते वर्षानुवर्षं मोजलं. झाड जगलं. पण उन्हाळ्यात पाणी न दिलेली झाडं टॅपिंगजोगी व्हायला दहा वर्षांच्या वर लागली. भरपूर पाणी दिलेली झाडं सुमारे सहा वर्षांत तयार झाली. टॅपिंगजोगी म्हणजे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर खोडाचा घेर ५० सेंटिमीटर.

एकच जागा, एकच पाऊस, पण कोरड्या महिन्यांत पाणी मिळालं की नाही यावर चार वर्षांचा फरक पडला!

कागदावरचा हिशेब

मी दादांना विचारलं, "मे महिन्यात तुमच्या जमिनीत पाणी आहे?" ते हसले. त्या भागातल्या कित्येक पाड्यांवर मे महिन्यात प्यायचं पाणी टँकरने येतं.

तरी आकडे मांडले. चार एकरांत साधारण ७०० झाडं. केरळातल्या चांगल्या बागेत हेक्टरी वर्षाला दीड टन रबर निघतं, म्हणजे चार एकरांत फार तर २,४०० किलो. किलोला २०० रुपये धरले तर ४ लाख ८० हजार, १०० रुपये धरले तर २ लाख ४० हजार. इतका फरक कशाला धरायचा? कारण भाव खरंच इतका हलतो. २०१६ च्या सुरुवातीला तो शंभराच्या खाली होता, ऑगस्ट २०२४ मध्ये २४० च्या वर गेला.

यातून एका कसबी टॅपरचा पगार जाणार. एक माणूस दिवसाला तीन-साडेतीनशे झाडं करतो, म्हणजे दिवसाआड धरून ७०० झाडं हे बरोबर एका माणसाचं काम. शिवाय पाणी, खत, पावसाळ्यात काप झाकायला प्लास्टिकचे झगे. आणि पहिली सहा ते दहा वर्षं उत्पन्न शून्य.

मग मी शेवटचा प्रश्न विचारला. "दादा, तुमच्या मालात नैसर्गिक रबर किती?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "निम्म्याहून कमी. तेलात बसणारे पार्ट सगळे नायट्राइलचे." बरोबरच आहे, नैसर्गिक रबर तेलात फुगतं. नायट्राइल येतं पेट्रोकेमिकल कारखान्यातून, झाडावरून नाही. म्हणजे बाग लावूनही त्यांची अर्धी डोकेदुखी तशीच राहिली असती.

महाराष्ट्रात रबर होतच नाही का?

होतं. सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात केरळमधून आलेल्या शेतकऱ्यांनी बागा उभ्या केल्या आहेत. पण ते मुरबाडपासून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर दक्षिणेला आहे. आणि तिथेही बागांसाठी जंगल तोडलं गेल्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून वृक्षतोडीवर बंदी आली. तेव्हा 'तिकडे चालतंय' एवढ्यावर कुणी पैसे घालू नका. जमीन, पाणी, परवानगी, तिन्ही बघा.

यातून आपण काय घ्यायचं?

आपण धंद्यातही दादांसारखंच मोजतो. 'वर्षाला तीस लाखांची उलाढाल आहे, मग पैसे पुरत का नाहीत?' असं मला दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच. अहो, तीस लाख हा वर्षाचा पाऊस झाला. तो कुठल्या महिन्यात पडतो आणि कुठले महिने कोरडे जातात, ते बघितलंय का?

एक कागद घ्या, बारा चौकोन काढा. प्रत्येक महिन्यात प्रत्यक्ष हातात आलेले पैसे वर लिहा, गेलेले खाली. बिल किती फाडलं ते लिहायचं नाही, फक्त आलेले आणि गेलेले. जिथे खालचा आकडा मोठा, तो तुमचा उन्हाळा. सलग तीन महिने उन्हाळा दिसला, तर नवं मशीन, नवी शाखा, नवी बाग, सगळं थांबवा. आधी त्या तीन महिन्यांच्या पाण्याची सोय करा.

दादांनी तो कागद केला. त्यांचे ग्राहक ९० दिवसांनी पैसे देत होते आणि कच्चा मालवाला १५ दिवसांत मागत होता. म्हणजे त्यांची खरी गळती रबराच्या भावापेक्षा उधारीत होती. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. त्यांची नोंदणीच नव्हती! ती त्याच आठवड्यात केली. कोटेशनवर 'हा भाव १५ दिवसांपुरता' अशी ओळही टाकायला लागले.

एफडी शाबूत आहे. मुरबाडच्या जमिनीचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, आणि त्याची घाईही नाही. यंदा मे महिन्यात तिथल्या विहिरीत पाणी कुठवर उतरतं ते ते स्वतः जाऊन मोजणार आहेत. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती.

तुमचा बारा चौकोनांचा कागद आजच करा. कोरडा महिना कुठला निघाला ते मला जरूर कळवा.