मूल 'नाही' म्हणतं तेव्हा

सोमवारी शाळेची वेळ झाली की पोट दुखतं, रविवारी दिवसभर दुखत नाही. जंत, बद्धकोष्ठता, लघवीची जळजळ यांसाठी डॉक्टरांना एकदा जरूर दाखवावं. तपासणीत काही सापडलं नाही, तरी 'ढोंग करतो' म्हणून पाठीत धपाटा घालू नये. भीतीनं पोटात खरोखर दुखतं. कुणी डबा हिसकावतं, कुणी पेन्सिल घेऊन परत देत नाही, कुणी जातीवरून चिडवतं, आणि सहा-सात वर्षांच्या लेकराजवळ हे सांगायला शब्द नसतात.

हे शब्द वर्गात शिकवता येतात. आपल्या राज्यात शांतिलाल मुथ्था फाउंडेशननं २००९ साली बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' नावाचा उपक्रम सुरू केला. पुढे शासनानं तो राज्यभरच्या प्राथमिक शाळांत नेला. त्याचा पाया संविधानातली मूल्यं : न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. त्यात फळ्यावर सुविचार लिहून पाठ करायला लावत नाहीत. मुलं जोडीनं बोलतात, गटात काम करतात, खेळ खेळतात आणि मग त्यावर चर्चा होते. एक पोरगी बोलत असताना दुसरीनं मधे न तोडता ऐकायचं, एवढंच घ्या. पहिलीतल्या मुलांना ते जड जातं. आपल्यालाही जातं. आपल्या मुलाच्या वर्गात हे तास होतात का, हे पालकांनी गुरुजींना विचारायला हरकत नाही.

दया, ठामपणा आणि जबाबदारी, या तीन गोष्टी लहान वयात शिकवायच्या म्हणतात. आपल्या घरांत पहिलीवर भर असतो. पंचशील घेतो, मैत्री भावना म्हणतो, 'भांडू नको, सोसून घे' असंही सांगतो. यातलं शेवटचं मला पटत नाही. सोसून घेणं म्हणजे मैत्री नव्हे. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर बसत, आणि शिपायानं नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गप्प बसायला लावलं, त्यांच्या लेकरांना दयेबरोबर ठामपणाही शिकवावा लागतो. ठामपणा म्हणजे मारामारी नाही. ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, शिवी न देता सांगायचं : "मले असं म्हनू नको. मले आवडत नाई. पुन्हा म्हणशील तर मी बाईंले सांगीन." घरी हे चार-पाच वेळा नाटकासारखं करून घ्या. एकदा आई चिडवणारी होईल, एकदा मूल. ऐन वेळी तोंडातून तेच निघतं जे आधी बोलून झालेलं असतं.

खरी अडचण पुढे येते. वर्गात 'नाही' म्हणायला शिकलेलं मूल घरीही ते वापरतं. दर्यापूरच्या आसपास कुठल्याही वस्तीत संध्याकाळी बघा, "जाय रे, एक खर्रा घेऊन ये" म्हणून मोठी माणसं आठ वर्षांच्या पोराला पानठेल्यावर पाठवतात. पोरगं म्हणालं, "मी नाई आणत, काका", तर कौतुक होतं की थापड बसते? १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत कुणालाही विकता येत नाही. म्हणजे ते पोरगं कायद्याचंच बोलत असतं. शिवाय रोज पुडी आणणाऱ्या हाताला एक चिमूट तोंडात टाकायला किती वेळ लागतो? काकाला 'नाही' म्हणता आलं, तर पुढे वाईट हेतूनं अंगाला हात लावणाऱ्यालाही 'नाही' म्हणता येईल. तिथे थापड बसली, तर इथेही आवाज फुटणार नाही.

मोठ्यांचा मान राखून नकार देता येतो, हेही शिकवावं. "काका, पाणी देतो, पण खर्रा नाई आणत."

जबाबदारी मात्र उपदेशानं येत नाही, कामानं येते. आपला तालुका खारपाणपट्ट्यातला, गोड्या पाण्याची किंमत इथल्या लहान मुलालाही कळते. वर्गातल्या पाण्याच्या माठाची पाळी लावावी : झाकण आहे का, लांब दांडीच्या ओगराळ्यानंच पाणी घेतलं जातं का, कुणी हात बुडवतं का. जुलाब टाळायला याचा उपयोग होतो. पाळीत मुलगा-मुलगी हा भेद नको आणि झाडू एकाच वस्तीच्या पोरांच्या हाती जायला नको. तसं दिसलं तर लगेच बोला.

चूक झाली की काय करायचं, याचा उत्तम धडा तथागतांनी राहुलला दिला आहे. परंपरा सांगते की राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. तथागतांनी भांड्यात थोडं पाणी ठेवून दाखवलं, ते फेकलं, मग भांडं पालथं केलं : जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज नाही, तो असाच रिकामा. नंतर आरशाची उपमा दिली. काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यानं मला किंवा दुसऱ्याला दुखापत होते का? यात मार नाही, ओरडणं नाही. खोटं पकडलं की आपण आधी हात उगारतो, म्हणून पुढच्या वेळी मूल अधिक सफाईनं खोटं बोलतं.

एक गोष्ट मात्र मुलावर टाकू नये. जातीवरून चिडवणं थांबवणं ही शाळेची आणि मोठ्यांची जबाबदारी आहे, सात वर्षांच्या लेकराची नाही. त्यानं सांगितलं की त्याच दिवशी वर्गशिक्षकांना भेटा, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत मारायला आणि मानसिक छळाला बंदी आहे. त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. आपल्या वस्तीतली कोण बाई त्या समितीत आहे, हे येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर विचारून घ्या. कुणीच नसेल तर पुढच्या निवडीच्या पालकसभेला जा. कुठेच दाद लागली नाही, तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मूल स्वतःही लावू शकतं. पाढ्यांबरोबर हा आकडाही पाठ करून घ्या.