प्रांतागणिक बदलणारा पेला

कॅनडातील क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या, स्वतंत्र ब्रुअरीत मर्यादित प्रमाणात तयार होणारी बिअर, समजून घेण्याची संधी देशभर दौरे करणाऱ्या संगीतवृंदांइतकी क्वचितच कुणाला मिळते. कारण ही बिअर बहुधा आपला प्रांत सोडत नाही आणि बँडला मात्र पोटासाठी प्रांतामागून प्रांत ओलांडावे लागतात. सेंट जॉन्सपासून व्हिक्टोरियापर्यंत सुमारे 7,800 किलोमीटर पसरलेल्या ट्रान्स-कॅनडा महामार्गावरील असा दौरा हा त्या देशाच्या इतिहासाचा, कायद्यांचा आणि शेतीचाही चवीच्या अंगाने केलेला अभ्यास ठरू शकतो.

बिअर प्रांतात अडकून राहिली, त्यामागे कायदा आहे. एका प्रांताचा माल दुसऱ्या प्रांतात मुक्तपणे जावा, असे 1867 च्या राज्यघटनेचे 121 वे कलम सांगत असले, तरी दारूबंदीचे पर्व सरल्यावर प्रांतांनी मद्यविक्री आपल्या मंडळांच्या हाती घेतली आणि प्रांतात विकायची बिअर प्रांतातच तयार व्हावी, असा आग्रह दीर्घकाळ धरला. प्रत्येक प्रांतात वेगळा कारखाना चालवण्याचा खर्च मोठ्या कंपन्यांनाच परवडणारा असल्यामुळे लहान ब्रुअरी एकामागून एक विकल्या गेल्या आणि 1989 मध्ये मोल्सन व कार्लिंग ओ'कीफ यांचे विलीनीकरण झाल्यावर बाजार मुख्यतः मोल्सन आणि लबॅट या दोघांत वाटला गेला. क्वेबेकमधून स्वस्त बिअर घेऊन न्यू ब्रन्सविकमध्ये परतणाऱ्या एका निवृत्त नागरिकाला 2012 मध्ये झालेल्या दंडाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा 2018 मध्ये न्यायालयाने प्रांताच्याच बाजूने कौल दिला.

या एकसुरी बाजाराला पहिला तडा पश्चिम किनाऱ्यावर गेला. व्हँकुव्हरजवळच्या हॉर्सशू बे येथे 1982 मध्ये जॉन मिचेल आणि फ्रँक ॲपलटन यांनी एका पबसाठी छोटी ब्रुअरी उभारली. 1984 मध्ये व्हिक्टोरियात स्पिनेकर्स हे ब्रू-पब, म्हणजे जिथे बनते तिथेच बिअर वाढणारे पानगृह, सुरू झाले, त्याच वर्षी ओंटारिओतील वॉटर्लू येथे ब्रिक ही ब्रुअरी निघाली आणि पुढच्या वर्षी कॅल्गरीत बिग रॉक व हॅलिफॅक्समध्ये ग्रॅनाइट यांची भर पडली.

पूर्वेकडून निघालेल्या बँडला पेल्यातील फरक लवकरच जाणवू लागतो. हॅलिफॅक्सच्या परिसरात ब्रिटिश वळणाच्या एलचा प्रभाव आहे. एल म्हणजे तुलनेने उबदार तापमानात जलद आंबवलेली, फळांचा गंध देणारी बिअर, तर लागर थंडीत सावकाश आंबवून मुरवली जाते, त्यामुळे ती अधिक नितळ लागते. क्वेबेकमध्ये बेल्जियन परंपरेची छाप दिसते: शांब्ली येथील युनिब्रूची ब्लाँश द शांब्ली गव्हाची, धणे आणि संत्र्याच्या सालीचा गंध असलेली असून, याच ब्रुअरीच्या 9 टक्के अल्कोहोल असलेल्या ला फँ द्यू माँदमध्ये बाटलीतही यीस्टचे काम चालू राहते आणि तळाशी गाळ साचतो. मॉन्ट्रियलच्या द्यू द्यू सिएलने पेशे मॉर्तेल या काळ्या, दाट स्टाउटमध्ये कॉफी मुरवून वेगळीच वाट धरली. टोरंटोत स्टीम व्हिसल ही ब्रुअरी रेल्वे इंजिनांच्या जुन्या गोल शेडमध्ये पिल्सनर, म्हणजे हलकी सोनेरी लागर, बनवते. पुढे प्रेअरीच्या सपाट प्रदेशात माल्टसाठी पिकवलेल्या सातूची शेते लागतात. ब्रिटिश कोलंबियात पोहोचताच, अमेरिकेतील याकिमा खोऱ्याच्या हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा व सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांची, जवळीक चवीतून उमटते; व्हिक्टोरियाच्या ड्रिफ्टवुडची फॅट टग ही इंडिया पेल एल तिचे ठळक उदाहरण होय. मुंबई-कोलकात्याच्या लांब समुद्रप्रवासासाठी भरपूर हॉप्स घातलेल्या ब्रिटिश एलवरून हा प्रकार रूढ झाला.

चाखण्याची वेळ आणि रीत यांनाही महत्त्व आहे. मोठ्या आवाजात गोडी कमी जाणवते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यातच घामाने आणि जागरणाने थकलेल्या शरीराला थंडाव्याची गरज अधिक असते, म्हणून कार्यक्रमानंतर रंगमंचामागे उघडलेल्या कॅनपेक्षा सुट्टीच्या दुपारी ब्रुअरीच्याच टॅपरूममध्ये घेतलेला 'फ्लाइट' अधिक शिकवतो. फ्लाइट म्हणजे निरनिराळ्या बिअरचे चार-पाच छोटे पेले; ते हलक्याकडून गडदाकडे, कमी कडूकडून अधिक कडूकडे, मध्ये पाण्याचे घोट घेत चाखावेत, म्हणजे आधीची चव पुढच्या चवीला झाकत नाही. गाडी चालवणाऱ्या वादकाने त्या दिवशी पेल्यापासून दूरच राहावे, कारण रक्तातील अल्कोहोलची 0.08 टक्के ही पातळी फौजदारी गुन्हा ठरते आणि अनेक प्रांत 0.05 टक्क्यांपासूनच कारवाई करतात.

संगीत आणि बिअर यांचे नाते केवळ प्रवासापुरते नाही. क्वेबेकचे लोकप्रिय गायक रॉबेर शार्लबुआ युनिब्रूच्या सुरुवातीच्या काळात भागीदार होते आणि रश या ख्यातनाम रॉक बँडने 2021 मध्ये टोरंटोच्या हेंडरसन ब्रुअरीबरोबर स्वतःच्या नावाची गोल्डन एल आणली. लहान बँडची कमाई ज्या पबच्या रंगमंचावर होते, त्याच पबच्या नळातून लहान ब्रुअरीची बिअर विकली जाते. श्रोता दारापर्यंत आला नाही, तर दोघांचाही निभाव लागत नाही.

अलीकडे काही प्रांत आपापसातील निर्बंध सैल करू लागले आहेत आणि ते योग्यच आहे, कारण एका देशातील नागरिकाला शेजारच्या प्रांतातून बिअर आणल्याबद्दल दंड होणे न्याय्य वाटत नाही. तथापि, या बिअरची स्थानिकता केवळ कायद्याने टिकवलेली नाही. हॉप्समधील सुगंधी तेले प्राणवायू आणि उष्णता यांच्या संपर्काने काही आठवड्यांतच फिकी पडतात, त्यामुळे ट्रकमधून देशभर फिरलेली इंडिया पेल एल आणि टाकीशेजारी बसून घेतलेली तीच एल यांत फरक राहणारच. सीमा कितीही खुल्या झाल्या, तरी ताज्या बिअरसाठी पिणाऱ्यालाच तिच्या गावी जावे लागेल, आणि छोट्या ब्रुअरीचे भवितव्यही त्याच्या या येण्यावरच अवलंबून राहील.