पहिला कॅमेरा घेताना

सुगी आटोपते, माल बाजारात जातो, हातात चार पैसे येतात आणि घरातल्या मागण्या एकेक करून पुढे येऊ लागतात. कुणाला मोटर दुरुस्त करून हवी असते, कुणाला शिलाई यंत्र. हल्ली त्यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी म्हणते, "बाबा, मला कॅमेरा घ्यायचाय. मोबाईल नव्हे, मोठा. लेन्स बदलता येणारा." वडील किंमत विचारतात आणि आकडा ऐकून गप्प बसतात. तेवढ्यात गोठ्यात एक गाय आली असती, हे त्यांच्या मनात येतेच.

वाचकहो, ही मागणी उडवून लावण्यासारखी नाही, तशीच डोळे मिटून पुरी करण्यासारखीही नाही. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून चार गोष्टी समजून घेतल्या, तर निम्म्या पैशात काम भागते आणि मुलाची हौसही मारली जात नाही. त्या चार गोष्टी आज पाहू.

आधी काम, मग कॅमेरा

पहिला प्रश्न असा विचारा, की कॅमेऱ्याने नेमके काय करायचे आहे? पिकावरची कीड कृषी सहायकाला दाखवायची, शेळी विकायची म्हणून तिचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा, गारपिटीने झालेले नुकसान नोंदवायचे, तर त्याला घरातला मोबाईलच बरा. फोनचा फोटो ठिकाण आणि वेळेसह नोंदला जातो आणि लगेच पाठवता येतो. पहिल्या-वहिल्या घेण्याच्या मोठ्या कॅमेऱ्यांत ठिकाण नोंदण्याची सोय बहुधा नसते.

पण संध्याकाळच्या मिरवणुकीतले लेझीम, शर्यतीत धावणारी बैलजोडी, बांधावर लांब बसलेला पक्षी, कंदिलाच्या किंवा चुलीच्या उजेडातला चेहरा, हे मनासारखे टिपायचे असेल तर फोन कमी पडतो. खरोखर शिकायची इच्छा असेल, तर मोठा कॅमेरा घेण्यात अर्थ आहे.

इच्छा खरी की चार दिवसांची, हे पाहण्याचा सोपा उपाय आहे. मुलाला सांगा, की महिनाभर रोज सकाळी उन्हे कोवळी असताना आणि संध्याकाळी दिवस कलताना घरच्या फोनवर दहा फोटो काढ आणि त्यातला एक निवडून ठेव. महिन्याअखेर तीस फोटो जमले, तर समजा पोरगे टिकाऊ आहे. मग तालुक्याच्या गावी एखाद्या फोटोवाल्याकडून एक दिवस भाड्याने कॅमेरा आणून द्या. विकत घेण्याआधी हाताला त्याचे वजन कळले पाहिजे.

हा डीएसएलआर म्हणजे काय?

दुकानात गेल्यावर हा शब्द कानावर पडतोच. डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स असे त्याचे पूर्ण नाव. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो आणि वर वळून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे लेन्स जे पाहते तेच आपण पाहतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो आणि प्रकाश सेन्सर नावाच्या पट्टीवर पडून चित्र उमटते. तो 'खटक्' आवाज आरशाचा आणि पडद्याचा.

सेन्सरचा आकार हा या कॅमेऱ्याचा खरा जोर. नवशिक्यांच्या डीएसएलआरमध्ये तो साधारण २३ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच असतो. साध्या फोनमधला सेन्सर करंगळीच्या नखाएवढाही नसतो. पाऊस पडताना अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, तर पाणी कशात जास्त जमेल? प्रकाशाचेही तसेच. म्हणून उजेड कमी असला तरी मोठ्या सेन्सरचे चित्र स्वच्छ येते.

बाजार बदलला आहे, हे ध्यानात ठेवा

आता एक महत्त्वाची गोष्ट. गेल्या काही वर्षांत आरसा नसलेले, म्हणजे मिररलेस कॅमेरे आले आणि मोठ्या कंपन्यांनी आपले लक्ष तिकडे वळवले. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० साली आले. २०२० सालचा आपला सर्वांत वरच्या दर्जाचा डीएसएलआर हा त्या जातीतला शेवटचाच, असे कॅननच्या प्रमुखांनी २०२१ साली सांगून टाकले.

मग डीएसएलआर घेणे म्हणजे पैसे पाण्यात का? मुळीच नाही. अनेक हौशी आणि धंदेवाईक लोकांनी मिररलेस घेण्यासाठी आपले चांगले डीएसएलआर विकायला काढले आहेत. त्यामुळे वापरलेला माल मुबलक आणि स्वस्त मिळतो. कॅननचा १५००डी किंवा निकॉनचा डी३५०० हे दोन्ही २०१८ सालचे, २४ मेगापिक्सेलचे साधे कॅमेरे. शिकण्यासाठी आजही उत्तम. प्रकाश, अंतर, वेग या गोष्टी आरसा असो वा नसो, सारख्याच शिकाव्या लागतात.

मात्र कुणाला पुढे हाच धंदा करायचा असेल आणि नवाच कॅमेरा घ्यायचा असेल, तर मिररलेसचा विचार करावा. जुन्या लेन्स वाया जातील ही भीती नको. कॅननच्या डीएसएलआरच्या लेन्स जोडकडी लावून त्यांच्या नव्या मिररलेसवर चालतात. निकॉनच्याही चालतात, पण त्यातल्या जुन्या जातीच्या काही लेन्सचा फोकस हाताने करावा लागतो.

आकड्यांना भुलू नका

दुकानदार मेगापिक्सेलचा आकडा आधी सांगतो. मेगापिक्सेल म्हणजे चित्रातले दहा लाख ठिपके. लग्नाच्या अल्बममधला ८ बाय १२ इंचांचा फोटो चांगला छापायचा तर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे २४०० गुणिले ३६००, सुमारे ८६ लाख ठिपके. नऊ मेगापिक्सेलमध्ये काम झाले! तेव्हा बारा-सोळा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा चांगल्या स्थितीत मिळत असेल, तर केवळ आकडा लहान म्हणून तो नाकारू नका.

पैसा बॉडीत नव्हे, लेन्समध्ये घाला

कॅमेऱ्याच्या धडाला बॉडी म्हणतात. बॉडी चार-सहा वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स मात्र दोन-तीन बॉड्यांना पुरते. म्हणून शंभर रुपये खर्चायचे ठरवले असेल, तर बॉडीवर पन्नासच्या वर जाऊ नका. तीस-पस्तीस लेन्ससाठी आणि उरलेले पिशवी, मेमरी कार्ड, जादा बॅटरी, तिकाटणे यांसाठी राखा. पुष्कळ जण सगळे पैसे बॉडीत घालतात आणि मग कार्ड घ्यायला उसनवार करतात.

बॉडीबरोबर बहुधा १८-५५ ची लेन्स मिळते. ती टाकाऊ नाही. ती सुमारे २५ सेंटिमीटर अंतरावर फोकस करते, त्यामुळे पानावरचा मावा किंवा कपाशीचे फूल तिने छान येते. पण संध्याकाळी ती दमते. अशा वेळी ५० मिलिमीटरची, १.८ आकड्याची लहानशी लेन्स घ्यावी. हा आकडा जितका लहान तितके लेन्सचे भोक मोठे उघडते. १८-५५ ची लेन्स ५५ वर ५.६ पर्यंतच उघडते. त्या मानाने १.८ ची लेन्स जवळजवळ नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. माणसांचे चेहरे काढायला तिच्यासारखी स्वस्त आणि मस्त लेन्स नाही.

निकॉनवाल्यांनी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. डी३५००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यांना ५० मिलिमीटरची जुनी 'डी' जातीची लेन्स बसते, पण आपोआप फोकस होत नाही. त्यांनी 'एएफ-एस' लिहिलेली 'जी' जातीची घ्यावी. स्वस्त पडते म्हणून 'डी' उचलली की घरी येऊन डोक्याला हात लावायची पाळी येते.

बैलासारखा पारखून घ्या

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, औताला जुंपून पाहतो. वापरलेला कॅमेराही तसाच पारखावा. फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवू नका. समोरासमोर, दिवसाउजेडी व्यवहार करा आणि आपले स्वतःचे मेमरी कार्ड बरोबर न्या.

पहिले काम कागदांचे. मूळ बिल आणि खोका मागा. त्यावरचा क्रमांक कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळतो का पाहा. चोरीचा माल गळ्यात पडायला नको.

दुसरे, लेन्स. ती बॉडीवरून काढा, एका बाजूने बॅटरीचा उजेड टाका आणि दुसऱ्या बाजूने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. अशी लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण असले तर त्याने बिघडत नाही.

तिसरे, सेन्सर. लेन्सचा आकडा १६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. फोटो मोठा करून पाहा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करून मिळते, पण तेवढी किंमत कमी करून मागा.

चौथे, पडदा. साध्या डीएसएलआरचा पडदा सुमारे एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेला धरतात. किती फोटो काढून झाले, ते विचारा. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो आणि संगणकावर पाहता येतो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो असा सहज सापडत नाही. लग्नाच्या धंद्यात राबलेल्या कॅमेऱ्याने लाखाचा पल्ला केव्हाच ओलांडलेला असू शकतो.

शेवटी सगळी बटणे दाबा, फ्लॅश उडवा, बॅटरी फुगलेली नाही ना ते पाहा आणि पन्नास फोटो काढून मगच पैशाची पिशवी सोडा.

घरी आणल्यावर

कॅमेऱ्याचे दोन शत्रू, धूळ आणि ओल. खळ्यावर मळणी चालू असताना किंवा कापूस भरताना लेन्स बदलू नका. बदलावीच लागली तर बॉडीचे तोंड खाली धरून झटपट बदला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंबला तर बुरशी ठरलेलीच. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलचे खडे घालून त्यात ठेवा. खड्यांचा रंग बदलला की ते वाळवा किंवा नवे घाला. सर्वांत चांगले औषध म्हणजे वापर. आठवड्यातून दोनदा बाहेर निघणाऱ्या कॅमेऱ्याला बुरशी क्वचितच लागते.

शिकण्याचेही थोडे सांगतो. उभ्या माणसाला सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो, धावत्या बैलाला ५०० वा भाग किंवा त्याहून जलद वेग लागतो. एवढे दोन आकडे पाठ करून सुरुवात करा. आणि धीर धरा. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, कुंडीत वाटाणा लावून रोज थोडे थोडे चित्रण केले आणि अंकुर वाढताना पडद्यावर दाखवला. तुमच्या शिवारात तर पेरणीपासून सुगीपर्यंत सारे डोळ्यांसमोर घडते. एकाच बांधावरून दर आठवड्याला एक फोटो काढा. वर्षाअखेर शेताची सबंध कहाणी हातात येईल.

दोन शब्द वडीलधाऱ्यांना

पीककर्जाच्या पैशाला यासाठी हात लावू नका. लग्नाचे फोटो काढून वर्षात पैसे वसूल होतील, असे कुणी म्हणाले तरी हुरळून जाऊ नका. लग्न एकदाच लागते. ऐन मंगलाष्टकांत कॅमेरा बंद पडला तर दुसरा लागतो, चांगला फ्लॅश लागतो, आणि हात बसायला वर्ष-दोन वर्षे जातात. आधी एखाद्या जाणत्या फोटोवाल्याच्या हाताखाली मुलाला उमेदवारी करू द्या.

आणि कॅमेरा मुलीने मागितला तर हसण्यावारी नेऊ नका. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या आणि त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळाले.

शेवटचे, पण मनापासून. आपल्या कितीतरी घरांत भिंतीवर आजोबांचा जो फोटो असतो, तो मतदानाच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला असतो. नजर बावरलेली, चेहरा ओळखू न येणारा. माणूस सत्तर वर्षे जगला आणि त्याचा एक धड फोटो निघाला नाही. म्हणून कॅमेरा घरात आला की देवदर्शनाची वाट पाहू नका. सकाळच्या उन्हात ओट्यावर आजीला बसवा, तिच्याशी चार शब्द बोला, ती हसली की बटण दाबा. तो फोटो फोनमध्ये न ठेवता कागदावर छापून आणा. घातलेल्या पैशाचे पहिले मोल तिथेच वसूल होईल.