दूरस्थ कर्नल डीबगिंग आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर : एक विवेचन

प्रस्तावना

कर्नल हा संगणकाच्या प्रचालन प्रणालीचा गाभा होय. एखादा सामान्य प्रोग्रॅम बिघडल्यास कर्नलच्या आधाराने त्याची तपासणी करता येते. परंतु कर्नलच ठप्प झाला, तर दोषाचा पुरावा ज्या यंत्रात आहे ते यंत्रच अबोल होते. म्हणून कर्नलची तपासणी दुसऱ्या संगणकावरून करण्याची पद्धत रूढ झाली. हे दोन संगणक नेटवर्कने जोडलेले असताना नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडून कोणती अपेक्षा असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पार्श्वभूमी आणि पुण्याचे योगदान

लिनक्स कर्नलसाठीचा ‘केजीडीबी’ हा डीबगर दीर्घकाळ मूळ संहितेबाहेर, स्वतंत्र पॅचच्या स्वरूपात उपलब्ध होता. २००० नंतरच्या दशकात त्याची देखभाल करून तो पुढे नेण्याचे काम अमित काळे यांनी पुण्यातील लिनसिससॉफ्ट या कंपनीतून केले. पुढे २००८ मध्ये, इतर विकसकांच्या प्रयत्नांनी, लिनक्सच्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबीचा अधिकृत समावेश झाला.

या डीबगरचा मूळ मार्ग सीरियल केबलचा होता. सेकंदाला १,१५,२०० बिट या प्रचलित वेगाने एक अब्ज बाइट स्मृती वाचण्यास सुमारे २४ तास लागतात. शिवाय दोन्ही संगणक जवळजवळ असावे लागतात. नेटवर्कमुळे या दोन्ही अडचणी दूर होतात. नेटझेन कंपनीच्या १ व १० गिगाबिट कार्डांचा ड्रायव्हर २००७ मध्ये लिनक्समध्ये आला. त्याच्या विकसकांतही काळे यांचे नाव आहे. इंटरप्टवाचून कार्ड तपासण्याचे स्वतंत्र फंक्शन त्या ड्रायव्हरमध्ये होते, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इंटरप्ट आणि पोलिंग

पुण्यातील स्वारगेट एसटी स्थानकाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. गाडी लागल्याची घोषणा होईपर्यंत प्रवासी निश्चिंत बसतो. ध्वनिक्षेपक बंद पडल्यास मात्र त्याला फलाटाफलाटावर जाऊन गाडीची पाटी स्वतः वाचावी लागते. पहिली रीत इंटरप्टची, तर दुसरी पोलिंगची. डीबगरने कर्नल थांबविला की इंटरप्ट बंद असतात आणि इतर प्रोसेसरही रोखून धरलेले असतात. अशा वेळी पोलिंग हा एकच मार्ग उरतो.

ड्रायव्हरची आवश्यक वैशिष्ट्ये

१. इंटरप्टची वाट न पाहता कार्डाच्या रांगा तपासून पॅकेट पाठविता व स्वीकारता आले पाहिजे.
२. या मार्गावर नवी स्मृती मागू नये. बफर आधीच राखून ठेवावेत.
३. कोठेही निद्रिस्त होऊ नये, कारण जागे करणारा शेड्यूलरच थांबलेला असतो.
४. इतरत्र वापरले जाणारे लॉक येथे घेऊ नयेत.

लिनक्समध्ये ‘नेटपोल’ ही सुविधा यासाठी आधार पुरविते. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हरला त्यासाठी वेगळे फंक्शन द्यावे लागे. २०१८ मध्ये झालेल्या बदलानंतर, ‘नापी’ पद्धतीने लिहिलेल्या ड्रायव्हरचे नेहमीचे पोल फंक्शनच नेटपोलला पुरेसे ठरते.

मर्यादा व पर्याय

यांपैकी चौथा नियम पाळणे सर्वांत कठीण असते. रोखलेल्या प्रोसेसरने ड्रायव्हरचा एखादा लॉक आधीच घेतलेला असेल, तर तो कधीच सुटत नाही आणि डीबगरही त्याच जाळ्यात अडकतो. इथरनेटवरील केजीडीबीला मूळ लिनक्समध्ये स्थान मिळाले नाही, त्यामागे विश्वासार्हतेचा हाच प्रश्न होता.

मायक्रोसॉफ्टने विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, वेगळा मार्ग पत्करला. तेथे नेहमीचा ड्रायव्हर बाजूला ठेवून ‘केडीनेट’ कार्डाचा ताबा घेते. त्यासाठी प्रत्येक उत्पादकाच्या कार्डांकरिता एक छोटे मॉड्यूल लिहिलेले असते. कार्ड सुरू करणे, बंद करणे, पॅकेट पाठविणे व घेणे एवढीच मोजकी कार्ये त्यात असतात. सामान्य नेटवर्क वाहतूक मग डीबगरमार्फत त्याच कार्डावरून चालते.

सुरक्षेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कर्नल डीबगर ज्याच्या हाती, त्याच्या हाती संपूर्ण यंत्र. म्हणून केडीनेटमध्ये संदेश गुप्त किल्लीने कूटबद्ध केले जातात. अशी सोय नसलेली साधने बंदिस्त प्रयोगशाळेतील नेटवर्कवरच वापरणे इष्ट होय.

निष्कर्ष

ड्रायव्हरची सामान्य चाचणी तो वेगाने चालतो का हे पाहते. डीबगिंगची कसोटी मात्र भोवतालचे सर्व थांबल्यावरही तो चालतो का, हे पाहते. संगणकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत विद्यार्थ्यांना ही दुसरी कसोटी लावण्यास दोन साधे संगणक व एक नेटवर्क केबल पुरेशी आहे. ज्या शहरातून या क्षेत्रात मोलाचे काम झाले, तेथील महाविद्यालयांनी तरी या प्रात्यक्षिकाचा अवश्य विचार करावा.