तीजाच्या आधीचा मंगळवार

सकाळी साडेपाच. फर्स्ट शिफ्टच्या मोटरसायकली गल्लीतून बाहेर पडतात, तोच माझा गजर. बाबा तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये होते. क्वार्टर सोडल्यावर वैशाली नगरात घर बांधलं. त्यांची झोप अजून शिफ्टच्याच हिशेबाने मोडते. मी चहा ठेवते, ते स्वतःच बोट टोचून शुगर बघतात आणि आकडा ओरडून सांगतात. वहीत लिहायचं काम माझं. आकडा चांगला असेल तर ते दोनदा सांगतात.

साडेआठ. रात्रभर पाऊस होता, सुपेल्याकडून येणाऱ्या रस्त्यावर पाणी आहे. मी डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट. दृष्टी मोजणं, बाहुल्या मोठ्या करणं, पडद्याचे फोटो काढणं आणि शेवटी पेशंटला समजावणं, हे माझं काम. पडद्याचे डॉक्टर रायपूरहून मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. दवाखाना छोटा आहे, पण पडद्याची सूज दाखवणारं ओसीटीचं मशीन आणि हिरवा लेसर आहे. येत्या शनिवारी पोळा, पुढच्या मंगळवारी तीजा. म्हणजे आज गर्दी आणि पुढचा आठवडा ओस. छत्तीसगढात तीजाला बायका माहेरी जातात, साठीच्या बायकासुद्धा. भाऊ न्यायला येतो. धानाची रोपणी आणि तीजा, या दोन वेळांना आमच्या रजिस्टरवर न आलेल्यांच्या नावापुढच्या लाल पेनाच्या खुणा वाढतात.

सव्वानऊ. पहिल्या खुर्चीत तुमसरचे काका. कोक ओव्हनमधून रिटायर झाले, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. त्यांच्या पडद्याच्या मध्यभागी सूज आहे, दर महिन्याला इंजेक्शन लागतं. कधी चुकत नाहीत, कारण चालत येतात.

"पोरी, ते महागडं इंजेक्शन जास्त चांगलं असते का वं?"

हा प्रश्न ते दर महिन्याला विचारतात आणि मी दर महिन्याला तेच उत्तर देते. अमेरिकेत 660 पेशंटवर तीन औषधं ताडून पाहिली होती. स्वस्तातलं बेव्हासिझुमॅब, मधलं रॅनिबिझुमॅब, महागडं अफ्लिबरसेप्ट. निकाल 2015 साली आला. सुरुवातीची नजर बरी असेल तर तिघांत फरक नव्हता. नजर बरीच खाली गेलेली असेल तर पहिल्या वर्षी महागडं पुढे होतं. मग 2022 साली दुसरा निकाल आला: खाली गेलेल्या नजरेतही आधी स्वस्त औषध द्यायचं, उपयोग होत नसेल तरच महाग औषधाकडे जायचं, असं केलं तरी दोन वर्षांनी नजर तितकीच राहिली. मात्र स्वस्तापासून सुरुवात केलेल्या दर दहा डोळ्यांपैकी सातांना पुढे महागडं लागलं. हे शेवटचं वाक्य काकांना आवडत नाही.

"म्हणजे शेवटी पैसे लागतेच."

"सात जणांना लागले काका. तीन जणांचे वाचले."

"मी तिनातला," ते म्हणतात. खरंच, अजून तरी ते तिनातलेच आहेत. चौथ्या ओळीवरून आज पाचव्या ओळीवर आले.

दहा वाजून दहा मिनिटं. बाकावर बसलेली एक बाई घामाने भिजली होती. वय पन्नाशीच्या आसपास, सोबत नवरा. दल्ली राजहराच्या बाजूच्या गावातून पहाटेच्या गाडीने दुर्गला, तिथून ऑटोने. तपासणी आहे म्हणून पोटात काही घातलं नव्हतं आणि शुगरची गोळी मात्र घेतली होती. शुगर साठच्या खाली. ग्लुकोजचं पाणी, बिस्किटं, पंधरा मिनिटं. डोळ्याच्या तपासणीला उपाशी यावं लागत नाही, हे आम्ही पाटीवर लिहिलं आहे. पाटी दाराच्या आत आहे. ती बाहेर लावायला हवी.

अकरा. बाईचे थेंब घालून झाले. तिला अक्षरं वाचता येत नाहीत; तिला उलटसुलट ई दाखवते, ती बोटं फिरवून दिशा सांगते. उजवा डोळा बरा, डावा त्याहून बरा. तिची तक्रार इतकीच की मधूनच काळे धागे तरंगतात. फोटोत मात्र दोन्ही पडद्यांवर नव्या, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्यांची जाळी आहे. शुगरने पडद्याचा रक्तपुरवठा तुटला की पडदा नव्या नळ्या उगवतो, पण त्या इतक्या नाजूक असतात की फुटून डोळ्यात रक्त उतरतं, आणि पुढे आकसून पडद्यालाच ओढतात. ओसीटीवर मध्यभागी सूज नाही. बरं झालं, सूज असती तर लेसरने ती वाढण्याची भीती होती.

नजर मोजताना जुनी नोकरी आठवते. लग्नाआधी नागपुरात मी एका औषधाच्या चाचणीत दोन वर्षं काम केलं. मी नजर मोजणारी. चार मीटरवर तक्ता, दर ओळीत पाच अक्षरं, आणि कुठल्या डोळ्याला कुठला उपचार झालाय हे मला कळू द्यायचं नाही. कळलं तर मी नकळत एका बाजूला झुकेन. "अजून एक अक्षर बघा ना," इतकं लाडाने म्हटलं तरी निकाल बिघडतो. तिथली दुसरी गोष्ट मला पुढे कळली. आमच्याकडे एक मुलगी फक्त फोन करायला होती. पेशंटला तारखेची आठवण करून द्यायची, गाडीभाडं हातात ठेवायचं, न आल्यास दुसऱ्या दिवशी परत फोन. औषध कुठलं जिंकलं ते छापून येतं. ही मुलगी छापून येत नाही.

सव्वाबारा. डॉक्टर आले. बाईचे फोटो बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही परत येईल?"

अशा डोळ्यासाठी आता दोन वाटा आहेत. जुनी लेसरची. सत्तरच्या दशकात अमेरिकेत 1,700 हून जास्त पेशंटच्या एका डोळ्याला लेसर किंवा झेनॉनचा प्रकाश दिला, दुसरा तसाच ठेवला. उपचार झालेल्या डोळ्यांत दृष्टी पार जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं, आणि 1976 साली ठरलेला नियम बदलून तसेच ठेवलेल्या डोळ्यांनाही उपचार देण्याची मुभा दिली. त्या लोकांचा तो दुसरा डोळा माझ्या मनातून जात नाही. तो तसा ठेवला म्हणून आज आम्हाला खात्रीने बोलता येतं.

नवी वाट इंजेक्शनची. 394 डोळ्यांवर दोन्ही वाटा समोरासमोर ठेवल्या. दोन वर्षांनी इंजेक्शनवाले सरासरी 2.8 अक्षरांनी सुधारले, लेसरवाले 0.2 नी. शिवाय लेसरने बाजूची नजर अरुंद होते, ती इंजेक्शनवाल्यांची जास्त राहिली. मग पाच वर्षांचा हिशेब झाला: 3.1 अक्षरं आणि 3.0 अक्षरं. सारखंच. पण इंजेक्शनवाल्या डोळ्यांना पाच वर्षांत सरासरी 19 वेळा टोचावं लागलं. आणि एवढी यंत्रणा असूनही, वारलेले वगळता, पाचव्या वर्षी तपासणीला आलेले पेशंट 66 टक्केच. पुढे फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी मधेच गायब झालेल्यांचे डोळे पाहिले, तेव्हा फक्त इंजेक्शन घेऊन नाहीसे झालेल्यांचा पडदा लेसरवाल्यांपेक्षा जास्त वेळा ओढला गेला होता. औषध महिन्या-दोन महिन्यांत उतरतं, लेसरचा डाग राहतो.

म्हणून डॉक्टरांचा तो प्रश्न. मी बाईच्या शेजारी बसले. चार आठवड्यांनी परत येता येईल का? नवरा खाली बघत म्हणाला की एका फेरीत दोघांची मजुरी जाते. बाई मात्र हसून म्हणाली, "तीजा के बाद आहूँ बेटी। भाई लेगे बर आही।"

कुठल्या तीजानंतर, हे मी विचारलं नाही.

पाऊण ते दोन. लेसर. खोलीत अंधार, हनुवटी टेकवलेली, डोळ्यावर भिंग, आणि हिरव्या प्रकाशाची टकटक. बाराशेच्या वर ठिपके. शेवटी डोकं दुखतं, आणि काही वेळ सगळं जांभळट दिसतं. बाईने एकदाही डोकं मागे घेतलं नाही. नवरा दाराबाहेर उकिडवा बसून होता. उजवा डोळा पूर्ण झाला. डावा शुक्रवारी करू, असं डॉक्टर म्हणाले. मग स्वतःच थांबले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, जेवण झाल्यावर डावाही घेऊ, जेवढा होईल तेवढा. संध्याकाळच्या गाडीला वेळ आहे.

हे पुस्तकातलं नाही, पण मला पटलं.

अडीच. डबा. पावसात पोळी गार झाली की कडक होते.

तीन ते पाच. इंजेक्शनची रांग. प्रत्येकाच्या डोळ्यात बीटाडीन, थांबणं, मग बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर बारीक सुई, औषध थेंबभर. भीती सुईची नसते, डोळा उघडा ठेवण्याची असते. मधे एक ट्रकचालक आला, डोळ्यात रक्त उतरलेलं, हातभर अंतरावरची बोटंही मोजता येईनात. त्याला विचारायचं, ऑपरेशन की इंजेक्शन? 205 पेशंटवर हेही तपासलंय. सहा महिन्यांत दोन्हीकडची सरासरी नजर जवळपास सारखी, पण ऑपरेशनवाल्यांना पहिल्या महिन्यातच स्पष्ट दिसायला लागलं. आणि इंजेक्शनवाल्यांपैकी तिसरा हिस्सा दोन वर्षांत ऑपरेशनलाच गेला. तो म्हणाला, ट्रकचा हप्ता आहे, लवकर दिसायला लागेल ते द्या. त्याला रायपूरला पाठवलं, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत पत्ता लिहून.

साडेपाच. बाईचा डावा अर्धा झाला. ऑटोवाल्याला दुर्ग स्टेशन सांगून तिला बसवलं. बाहुल्या मोठ्या असल्याने तिला पावसाळी उजेडही बोचत होता, नवऱ्याने गमछा डोळ्यांवर धरला.

सात. फोनची वेळ. पगार याचा मिळत नाही. नागपूरची सवय आहे. लाल खुणांची यादी घेऊन बसते. एकाचा नंबर बंद. एकीचा मुलगा म्हणतो, आई बरी आहे, दिसतंय तिला. (दिसतंय म्हणूनच यायचं असतं, हे फोनवर पटवणं अवघड.) एक माणूस वारला होता, त्याच्या सुनेने शांतपणे सांगितलं आणि वर मलाच विचारलं, तुमचं काही देणं राहिलंय का?

नऊ. बाबा जेवून झोपलेत. वहीत आजची बाईची नोंद करते: उजवा पूर्ण, डावा अर्धा, उरलेला तीजानंतरच्या शुक्रवारी. नंबर दोन घेतलेत, नवऱ्याचा आणि भावाचा. नवऱ्याचा लागला नाही. भावाचा लागला, तो म्हणाला, बहिणीला घरी सोडायला मीच जाणार आहे, वाटेत आधी तुमच्याकडे आणतो.