डोंगराचे खरे नाव

जुन्या नकाशांत डोंगरांची नावे शोधू लागले म्हणजे प्रथम लिपीचीच अडचण येते. रोमन अक्षरांत 'ण' नाही, 'ळ' नाही. वाटाड्याने सांगितलेले नाव परक्या अधिकाऱ्याच्या कानी जसे पडले, तसे त्याने लिहून घेतले.

बोरिवलीजवळच्या कान्हेरीचेच पाहा. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात तिची 'केनरी' झाली. एवढ्यावरून अर्थ लावू जाणारा फसणारच! परंतु या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांत ब्राह्मी लिपीतील प्राकृत शिलालेख आहेत. सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या लेखांत डोंगराचे नाव आढळते 'कण्हसेल', म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर. नवव्या शतकातील संस्कृत लेखांत तोच 'कृष्णगिरी' म्हटला आहे. येथील खडकही काळाच. नावाला दगडाची दुहेरी साक्ष मिळाली. 'कृष्ण'चे 'कण्ह', 'कान्ह' होत आणि 'गिरी' झिजत झिजत लोकांच्या तोंडी कान्हेरी हे नाव उरले. 'केनरी'पेक्षा ते मुळाच्या किती जवळ आहे!

अंधेरीचा सुमारे ६१ मीटर उंचीचा काळा कातळ मात्र नकाशात 'गिल्बर्ट हिल' आहे. त्याच्या माथ्यावर गावदेवीचे देऊळ आहे, आणि पायथ्याशी पत्ता विचाराल तर 'गावदेवी डोंगरी' हे नाव आजही कानी पडते.