सुवॉनमधले आमचे दिवसवार

गेल्या दहा वर्षांत आमच्या घरातली बहुतेक कार्यं कोल्हापुरात झाली नाहीत, ती दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात झाली. जावई तिथे नोकरीला. सॅमसंग इलेक्ट्रॉनिक्सचं मुख्यालय सुवॉनमध्ये असल्यामुळे अशी भारतीय कुटुंबं तिथे बरीच आहेत. मी निघाले की इथल्या मैत्रिणी म्हणतात, ‘‘चाललीस का पुन्हा नातवंडं सांभाळायला?’’ नातवंडं सांभाळतेच, आनंदाने सांभाळते. पण घरातले दिवस लक्षात ठेवायचे, ते वेळेवर करायचे, हेही घरातल्या मोठ्या बाईचं काम असतं आणि परदेशातल्या घरात तर ते अगदी नेमाने करावं लागतं. मी सुवॉनला जाते ती मुख्यतः या कामाला.

नात २०१६च्या मार्चमध्ये झाली. मी फेब्रुवारीच्या अखेरीसच पोहोचले होते. बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या सुती लुगड्यांची दुपटी. बाळंतिणीला थंडी बाधू नये याची धास्ती मी कोल्हापूरहूनच घेऊन गेले होते, कारण मार्चमध्येही सुवॉनचं पहाटेचं तापमान शून्याच्या आसपास असतं. पण कोरियन घराची जमीनच गरम असते. पूर्वी चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळीतून फिरवून खोल्या उबदार ठेवत. आता तिथून गरम पाण्याच्या नळ्या जातात. याला ओंडोल म्हणतात. शेक-शेगडीचं निम्मं काम त्या जमिनीनेच केलं.

उरलेलं समोरच्या दारातल्या आजींनी केलं. बाळंतीण घरी आल्याचं कळताच त्या झाकणाचं पातेलं घेऊन आल्या. आत मियोकगुक, म्हणजे समुद्री शेवाळाचं सूप. बाळंतिणीला तिथे तीन आठवडे तरी रोज हेच देतात. त्यात एरवी गोमांस घालतात, पण आमच्याकडे ते चालत नाही हे त्यांनी आधीच लेकीला विचारून घेतलं होतं आणि शिंपल्या घातल्या होत्या. पुढे त्यांनी मला ते करायला शिकवलं. वाळकं शेवाळ काळं, चुरगळलेलं, मूठभर दिसतं. पाण्यात टाकलं की पंधरा मिनिटांत हिरवंगार होऊन भांडं भरून टाकतं. ते चिरून तिळाच्या तेलात परतायचं, पाणी घालायचं आणि रटरटू द्यायचं. गार पाण्यात हात घालायचा नाही, वाऱ्याला बसायचं नाही, कडक काही चावायचं नाही, हे सगळे नियम त्यांच्याकडेही होते. त्यांच्या लहानपणी बाळ झालेल्या घराच्या दारावर एकवीस दिवस गवताची दोरी बांधत. मुलगा असला तर त्यात कोळसा आणि लाल मिरच्या, मुलगी असली तर कोळसा आणि पाइनच्या डहाळ्या. ती दोरी दिसली की परकं माणूस आत येत नसे. लेक दुभाष्याचं काम करत होती, पण मिरचीपाशी मला भाषांतर लागलं नाही.

बारसं बाराव्या दिवशी झालं. पाळणा नव्हता, म्हणून ओढणीची झोळी करून दोघी-तिघींनी धरली. कोरियन माणसं मात्र शंभराव्या दिवसाची वाट पाहतात. पूर्वी पुष्कळ मुलं तिथवर पोहोचत नसत, म्हणून शंभर दिवस पुरे झाले की पांढरा भाताचा केक उकडून शेजारीपाजारी वाटायचा. तो दिवस जूनमध्ये येत होता आणि माझा व्हिसा नव्वद दिवसांचा. मी मेअखेर परतले आणि विहीणबाई गेल्या. शंभरावा दिवस त्यांनी केला. पाळीपाळीने जाणाऱ्या अशा आज्या परदेशातल्या कितीतरी मराठी घरांत आहेत. विमानतळावर एक उतरते, दुसरी चढते, आणि घरातली कार्यं अडत नाहीत.

पहिल्या वाढदिवसाला मी पुन्हा हजर होते. कोरियात हा दिवस बारशापेक्षाही थाटाचा. बाळाला हानबोक हा रंगीत पारंपरिक पोशाख घालतात, समोर वस्तू मांडतात आणि ते काय उचलतं याकडे सगळे टक लावून बसतात. सुताची लड उचलली तर दीर्घायुष्य, नोटा उचलल्या तर संपत्ती, लेखणी उचलली तर विद्या. हल्ली स्टेथोस्कोप, न्यायाधीशाचा हातोडा, मायक्रोफोनही ठेवतात. आपल्याकडे उष्टावणाच्या वेळी पुस्तक, हत्यार, धान्य मांडून हेच पाहत. मी पाटी आणि पेन्सिल ठेवली. नातीने सूत उचललं. समोरच्या आजींनी टाळ्या वाजवल्या आणि ती लड तिच्या गळ्यात घातली.

माझी साठी झाली २०१८च्या शरदात, तीही सुवॉनलाच. माझा जन्म १९५८चा, विलंबी संवत्सरातला; साठ वर्षांचं चक्र पुरं होऊन २०१८ला पुन्हा विलंबी आलं होतं. कोरियातही वर्षांचं चक्र साठाचंच. तिथे १९५८ हे कुत्र्याचं वर्ष, आणि युद्धानंतरच्या गर्दीच्या पिढीतले ‘अठ्ठावन्नचे कुत्रे’ ही तिथली रूढ ओळख. माझं जन्मवर्ष कळलं की भाजीवालीपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांचे चेहरे खुलत.

त्या दिवशी लेकीने मला ह्वासोंगच्या किल्ल्यावर नेलं. राजा जोंगजोने हा किल्ला १७९४ ते १७९६ या काळात बांधला. तटबंदी जवळजवळ पावणेसहा किलोमीटरची, भर शहरातून जाणारी. मजुरांना रोजंदारी देऊन हे काम करून घेतलं होतं आणि दगड उचलायला जोंग याक-योंग या विद्वानाने कप्प्यांचं यंत्र तयार केलं होतं. काय किती लागलं, कुणाला किती दिलं याची तपशीलवार नोंद छापून ठेवलेली. कोरियन युद्धात किल्ल्याची बरीच पडझड झाली, आणि १९७०च्या दशकात त्या नोंदीवरूनच तो पुन्हा उभा केला. १९९७ साली तो जागतिक वारसा झाला.

पण मी गुंतले ती पायथ्याच्या वाड्यात. १७९५ साली जोंगजोने आपल्या आईची साठी इथे केली. आई म्हणजे हेग्योंग. १७६२ साली तिच्या नवऱ्याला, युवराज सादोला, त्याच्या बापाने भर उन्हाळ्यात तांदळाच्या लाकडी पेटीत कोंडलं आणि आठ दिवसांनी तो आतच मेला. तिला तेव्हा सत्ताविसावं वर्ष चालू होतं आणि मुलाला दहावं. सादोचा जन्मही तिच्याच वर्षीचा, म्हणजे १७९५ हे त्याच्याही साठीचं साल. जोंगजोने बापाची समाधी आधीच सुवॉनजवळ हलवली होती. हान नदीवर नावांचा पूल बांधून, हजारोंच्या मिरवणुकीने तो आईला इथे घेऊन आला, समाधीचं दर्शन घडवलं आणि मग मेजवानी दिली. त्या दालनात मेजवानीचा देखावा मांडलेला आहे. मी तिथून लवकर हलू शकले नाही. तेहेतीस वर्षं ज्याविषयी बोलायचीही चोरी होती, त्या माणसाची आठवण मुलाने आईच्या साठीच्या निमित्ताने सगळ्या राज्यासमोर आणली. कार्यं कशासाठी करायची असतात याचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे मिळालेलं नाही. आणि त्याच वर्षी हेग्योंगने आपल्या आठवणी लिहायला घेतल्या. पुढे दहा वर्षं ती लिहीत राहिली. शेवटचे भाग नातवासाठी होते, कारण तोवर जोंगजोही गेला होता आणि नातू गादीवर होता. कोरियन गद्यातलं हे थोर पुस्तक एका आजीने लिहिलेलं आहे. मी वही घातली ती तिथून परतल्यावर.

त्याच मुक्कामात चुसॉक आला. चुसॉक म्हणजे आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. बहुतेक वर्षी ती आपल्या भाद्रपद पौर्णिमेशी जुळते; अधिक मासाचे हिशेब वेगळे पडले की महिनाभर सरकते. तांदळाच्या उकडीत तीळ-मध भरून अर्धचंद्राच्या सोंगप्योन वळतात आणि पाइनच्या पानांवर वाफवतात. उकडीचे मोदक करून दहा-अकरा दिवसच झाले होते, त्यामुळे माझा हात लगेच बसला. त्या दिवशी पूर्वजांना पान वाढतात. त्याआधी थडग्यांवरचं गवत कापून येतात.

समोरच्या आजींना गवत कापायला थडगी नव्हती. त्या ह्वांगहे प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातल्या. युद्धात आईच्या पाठुंगळीवरून दक्षिणेत आल्या; वडील आणि मोठी बहीण मागे राहिले. चुसॉकला त्या इमजिनगाकला जातात. सीमेजवळच्या त्या जागी अशा लोकांसाठी एक वेदी बांधलेली आहे. उत्तरेकडे तोंड करून नमस्कार करायचा. २०१८ला त्यांनी आम्हालाही नेलं. १९८३ साली दूरचित्रवाणीवर ताटातूट झालेल्या कुटुंबांचा शोध साडेचारशे तासांहून जास्त चालला होता, दहा हजारांवर कुटुंबं एकमेकांना भेटली होती. आजींनी तेव्हाही नाव दिलं होतं. दोन्ही सरकारांनी घडवलेल्या भेटींसाठीही दिलं होतं. अशी शेवटची भेट २०१८च्या ऑगस्टमध्ये झाली, आम्ही गेलो त्याच्या महिनाभर आधी. त्यांचा क्रमांक लागला नाही. परतताना मी त्यांना सांगितलं की १९५३ साली घरी परतायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांची राखण करायला भारताची फौज इथेच आली होती आणि तिचे सेनानी शंकरराव थोरात आमच्या कोल्हापूरकडचे. राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही यांनी भारतीय सैनिकांना दक्षिणेच्या भूमीवर पाय ठेवू देणार नाही असा हट्ट धरला, म्हणून त्यांना बोटीवरून हेलिकॉप्टरने थेट सीमापट्ट्यात उतरवावं लागलं होतं. हे आजींना माहीत होतं. थोरातांचं नाव मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

आम्ही हिंडलोही पुष्कळ. किम्हेला हो ह्वांग-ओक राणीची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या ग्रंथात ती इ. स. ४८ मध्ये आयुता देशातून समुद्रमार्गे आली असं लिहिलंय. आयुता म्हणजे अयोध्या, असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. मला ती आख्यायिका म्हणूनच प्रिय आहे. क्योंगजूच्या डोंगरावर सोकगुरामचा ग्रॅनाइटमधला बुद्ध पाहिला. किम दे-सोंगने बुलगुक्सा विहार या जन्माच्या आईवडिलांसाठी बांधला आणि सोकगुराम मागच्या जन्मीच्या, अशी कथा आहे. जेजू बेटावर प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या बायका पाहिल्या, बहुतेक माझ्या वयाच्या किंवा मोठ्याच. वर आल्या की त्या दम सोडताना शीळ घातल्यासारखा आवाज होतो. किनाऱ्यावरच्या सगळ्या आवाजांत माझ्या कानात तोच राहिला.

नातू २०१९च्या नोव्हेंबरात झाला. मी जानेवारीत परतले आणि मार्चपासून कोरोनामुळे विमानंच थांबली. त्याचा शंभरावा दिवस, पहिला वाढदिवस, पहिलं पाऊल, सगळं मी पडद्यावर पाहिलं. २०२१च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे यजमान गेले. लेक येऊ शकली नाही. तिने वडिलांचे दिवस सुवॉनच्या स्वयंपाकघरात फोन भिंतीला टेकवून पाहिले. त्या वर्षाबद्दल वहीत फारसं नाही.

कोरियाने परदेशी प्रवाशांचं विलगीकरण २०२२च्या जूनमध्ये पूर्ण उठवलं आणि मी गेले. नातू मला अंग चोरून पाहत होता. आठवडाभरात मांडीवर आला.

पुढच्या वर्षी, २०२३ला, २९ सप्टेंबरला चुसॉक होता. त्याच दिवशी आपली भाद्रपद पौर्णिमा, महालयाची सुरुवात. लेक म्हणाली, ‘‘आई, बाबांचं पान आज वाढूया का?’’ तिथी त्यांची नव्हती. पण आजूबाजूच्या प्रत्येक घरात त्या सकाळी गेलेल्या माणसासाठी पान वाढलेलं होतं, आणि लेकीने वडिलांसाठी तोवर आपल्या हाताने काहीच केलं नव्हतं. मी हो म्हटलं. आमसुलाची चटणी, खीर, वडे केले, शेजारी सोंगप्योन ठेवल्या. समोरच्या आजी येऊन बसल्या आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीने, गुडघे टेकून, जमिनीला कपाळ लावून नमस्कार केला. लेक तेव्हा रडली, अडीच वर्षांनी. शास्त्राला धरून झालं की नाही याची मला खंत नाही.

नात त्याच वर्षी मार्चमध्ये पहिलीत गेली होती. तिच्या वर्गात मुलं मोजकी. त्या साली कोरियाचा जननदर ०.७२वर आला, जगात सर्वांत खालच्यांपैकी. मुलं इतकी दुर्मीळ झाली आहेत की दोन भावंडं घेऊन बसमध्ये चढलं तर अनोळखी म्हाताऱ्या त्यांच्या हातात टँजरिन, गोळ्या ठेवतात.

आता २०२६चं कॅलेंडर पाहून ठेवलं आहे. चुसॉक २५ सप्टेंबरला आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. सकाळी सोंगप्योन वाफवून आजींना द्यायच्या, दुपारी बादलीत गणपतीचं विसर्जन, असं लेकीशी ठरलंय. व्हिसा नव्वद दिवसांचाच मिळतो, म्हणून ऑगस्टअखेर निघायचं, म्हणजे नातवाचा नोव्हेंबरातला वाढदिवसही त्यात बसतो.